भिंतीवरचे बालपण

कल्याणातील आमचे वडिलोपार्जित घर गेल्या वर्षी मोकळे करून द्यावे लागले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तिन्ही गावांत हा प्रसंग आता इतका नित्याचा झाला आहे की, त्याचे कोणास नवल वाटत नाही आणि फारसे दुःखही होत नाही. जुने घर पडते, त्या जागी उंच इमारत उभी राहते, आणि ओटी, माजघर, पडवी हे शब्द तेवढे म्हाताऱ्यांच्या तोंडी उरतात. आम्ही स्वतः पन्नासाहून अधिक वर्षे डोंबिवलीकर झालो आहोत. तेव्हा गळा काढण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरीपण शेवटची आवराआवर करण्यासाठी भावंडे जमली, त्यांत आम्हीही गेलो. तांब्यापितळेची भांडी, पाट, जाते, देव्हारा यांची वाटणी गोडीने झाली. मागे राहिल्या त्या माजघराच्या भिंतीवरच्या तीन तसबिरी. त्या कोणासच नको होत्या, म्हणून त्या आमच्या वाट्यास आल्या.

पहिली तसबीर यशोदा-कृष्णाची. खाली माळवलीच्या रविवर्मा छापखान्याचे नाव, काचेच्या आत वाळवीने एका कोपऱ्यास काढलेली नक्षी, पण यशोदेच्या मुखावरचे तेज मात्र जसेच्या तसे. दुसरी एका गोऱ्या, कुरळ्या केसांच्या मुलाची. हिरवा मखमली पोशाख केलेला तो मुलगा साबणाचा फुगा वर जाताना पाहत आहे. आमचे आजोबा मुंबईस एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून होते. तेथून त्यांनी ती आणली असावी. तिसरी तसबीर म्हणजे तसबीर नव्हेच. १९७३ साली आमच्या थोरल्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसास डोंबिवलीत काढवलेला व मोठा करून घेतलेला फोटो. आम्ही तो आमच्या मातोश्रींस पाठवला होता आणि त्यांनी तो कृष्णाच्या शेजारी टांगला होता.

तिन्ही चित्रे घरी आणून पुसून ठेवली, तेव्हा आमची अकरा वर्षांची नात ती पाहावयास आली. कृष्णास तिने ओळखले, साबणाच्या मुलास पाहून हसली, आपल्या वडिलांचे एक वर्षाचे रूप पाहून तर तिला फारच मौज वाटली. मग तिने बोट ठेवून विचारले, "आजोबा, हा हात कोणाचा?"

फोटोत गालिचा घातलेल्या स्टुलावर बाळ बसले आहे आणि चौकटीच्या डाव्या कडेतून एक हात आत येऊन त्याच्या कोपराशी टेकला आहे. हात लहान आहे, आणि मनगटात काचेच्या दोन बांगड्या आहेत. आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. या लेखाचे निमित्त तो प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर देण्याआधी पहिल्या दोन चित्रांविषयी थोडे बोलणे आम्हांस जरूर वाटते. कारण तिसरे चित्र आम्ही काढवले खरे, पण ते कसे काढवावे हे आम्हांस त्या दोन चित्रांनीच शिकवले होते.

साबणाच्या फुग्याचे चित्र जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराने १८८६ साली काढले. नमुन्यास त्याचा स्वतःचाच नातू होता. पुढे तो मोठा होऊन आरमारात ॲडमिरल झाला. चित्रकाराच्या मनातला भाव गंभीर होता. फुगा म्हणजे आयुष्याची क्षणभंगुरता, ही युरोपीय चित्रकलेतली जुनी खूण आहे. पुढे पीअर्स साबणाच्या कंपनीने ते चित्र विकत घेतले, मुलाच्या पायाशी साबणाची वडी काढवली आणि जगभर त्याच्या प्रती वाटल्या. त्याच चित्रकाराच्या १८७९ सालच्या ‘चेरी राइप’ या चित्राची कथाही अशीच. पांढरी टोपी घातलेली एक लहान मुलगी जुन्या काळच्या पोशाखात हात जुळवून बसली आहे, एवढाच त्याचा विषय. परंतु ‘ग्राफिक’ या साप्ताहिकाने त्याच्या रंगीत प्रती काढल्या, तेव्हा त्या लाखांनी खपल्या. विलायतेतल्या मध्यमवर्गीय घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर अशी मुले विराजमान झाली: गोबऱ्या गालांची, स्वच्छ, निरागस आणि काम नसलेली.

हे शेवटचे विशेषण महत्त्वाचे आहे. ‘चेरी राइप’च्या आधी अवघी चार वर्षे, १८७५ साली, धुराड्यात काजळी काढण्यासाठी चढवलेला जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा गुदमरून मेला, आणि त्यानंतर तेथील पार्लमेंटने मुलांना धुराड्यात चढवण्याच्या प्रथेस आळा घालणारा नवा कायदा केला. म्हणजे ज्या समाजाने मूल देवदूतासारखे असते असे भिंतीवर मांडले, त्याच समाजाची चूल दुसऱ्या मुलांच्या अंगाने साफ होत होती. हे ढोंग होते असे म्हणून निकाल लावणे सोपे आहे. आमच्या मते प्रकरण तितके सरळ नाही. ज्या माणसाने आपल्या दिवाणखान्यात असे निष्पाप मूल टांगले, त्याला धुराड्यातले मूल आज ना उद्या बोचू लागले. मूल म्हणजे लहान आकाराचा मजूर नव्हे, ती एक वेगळी अवस्था आहे, हे आधी भावनेने पटते आणि मग कायद्यात येते. या चित्रांनी लोकांस रडावयास शिकवले. परंतु कोणासाठी रडावयाचे, हे मात्र चौकटीने ठरवले.

आता आमच्याकडचे पाहू. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना घातला. जर्मन तंत्रज्ञ आणून, प्रत्येक रंगास निराळा दगड कोरून, तैलचित्रांसारखी दिसणारी स्वस्त चित्रे तेथे निघू लागली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या दिवसांतच छापखान्याची हलवाहलव झाली आणि १८९९ साली तो लोणावळ्याजवळ माळवलीस गेला. पुढे काही वर्षांत तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन गृहस्थाच्या हाती गेला. माळवली हे पुणे-मुंबई लोहमार्गावरचे स्टेशन. तेथील चित्रे घाट उतरून मुंबईस जाताना कल्याणवरूनच जात असणार. रेल्वे आमच्या गावी १८५४ सालीच आली होती; देवांना मात्र आगगाडीत बसावयास आणखी चार दशके लागली, असे आजोबा विनोदाने म्हणत.

कृष्णाचे बालपण आम्हांस काही रविवर्म्यांनी शिकवले नाही. संतांच्या गौळणींत, पाळण्यांत, जात्यावरच्या ओव्यांत ते शेकडो वर्षे चालत आले होते. परंतु जुन्या कृष्णाभोवती सारे गोकुळ असे. तो शेजाऱ्यांकडे चोरी करी, गवळणी गाऱ्हाणी घेऊन येत, सवंगडी भोवती नाचत. आमच्या तसबिरीत गोकुळ नाही. एक आई, एक मूल आणि एक गाय. आईचे सारे लक्ष मुलाकडे आणि मुलाचे सारे लक्ष आईकडे. देवादिकांचा प्रसंग असूनही ते चित्र एका घरगुती क्षणाचे आहे.

आणि तो क्षण आमच्या घरात कधी घडत नव्हता! ज्या माजघरात ही तसबीर होती, तेथे एके काळी अठरा माणसे जेवत. वडिलांनी आपल्या आईवडिलांदेखत स्वतःचे मूल उचलून घेणे हा अमर्यादपणा होता; सुनेने सासूसमोर आपल्याच पोरास लाडाने जवळ घेऊन बसणे हेही शोभत नसे. मूल घराचे होते, आईचे नव्हते. अशा घरातल्या बायका त्या एकान्तातल्या यशोदेकडे रोज कोणत्या नजरेने पाहत असतील, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. जे करावयास परवानगी नव्हती ते देवाच्या नावाने भिंतीवर टांगावयास परवानगी होती.

रविवर्म्यांच्या दुसऱ्या एका चित्रात हेच अधिक उघड दिसते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनास त्यांनी दहा चित्रे पाठवली होती. त्यांपैकी एकात त्यांची कन्या महाप्रभा आपल्या बाळास कडेवर घेऊन, ‘ते पाहा, बाबा आले’ अशा भावाने चौकटीबाहेर पाहत उभी आहे. शेजारी कुत्रा आहे. विलायती कुटुंबचित्रांचा सारा सरंजाम त्यात आहे. परंतु ज्या समाजातले हे चित्र, तेथे वंश आईकडून चाले, मुले आईच्या घराण्याची असत, आणि घराचा कारभार मामाच्या हाती असे. संध्याकाळी कामावरून घरी येणारा बाप आणि त्याची वाट पाहणारे त्रिकोणी कुटुंब ही त्या घराण्यांची रीत नव्हती. म्हणजे हेही चित्र आहे त्याचे नव्हे. व्हावेसे वाटू लागले होते त्याचे. एकोणिसाव्या शतकातली बालपणाची गोड चित्रे पाहताना एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. ती त्या काळाची दैनंदिनी नव्हे. त्या काळाने मनात धरलेली इच्छा आहे.

त्या काळी आमच्या कल्याणात खरे बालपण कसे होते? दोन मुलांची नावे सर्वांस ठाऊक आहेत. १८६५ साली ३१ मार्च रोजी येथील एका जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या, पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या बिजवराशी झाले आणि ती आनंदीबाई जोशी झाली. तिला शिकवावयाचेच हा पतीचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. १८८३ साली ती अमेरिकेस गेली, १८८६ साली फिलाडेल्फियास डॉक्टर झाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यास वारली. दुसरे मूल म्हणजे नारायण वामन टिळक. १८६१ सालचा जन्म, आणि प्राथमिक शिक्षण काही वर्षे याच कल्याणात. पुढे महाराष्ट्राने त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हटले. मराठी कवितेत लहान मूल हा एक स्वतंत्र, प्रेमाने पाहण्याचा विषय करणाऱ्यांत त्यांचे स्थान मोठे आहे. तो मुलगा पाटीदप्तर घेऊन ज्या गावात शाळेस जात होता, त्याच गावात, त्याच सुमारास, ती मुलगी लग्नाच्या वयास येत होती. त्यांची गाठ पडली असेल की नाही, हा प्रश्न नाही. एकाच गावात बालपणाची लांबी दोन मुलांस दोन मापांनी मोजली जात होती, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

आनंदीबाईंचे प्रसिद्ध छायाचित्र १८८५ सालचे आहे. एक जपानी आणि एक सिरियाची, अशा दोन सहाध्यायिनींसह त्या बसल्या आहेत, अंगावर लुगडे आहे, मुद्रा शांत आहे. त्यांच्या बालपणाचे चित्र आमच्या पाहण्यात नाही. त्या काळच्या कल्याणातल्या कुठल्याच मुलीचे नाही.

आमच्या घरातल्या आक्काचेही नाही. आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. ज्या १८९४ साली गिरगावात छापखाना निघाला, त्याच साली, नवव्या वर्षी, तिचे लग्न झाले. ज्या प्लेगच्या दिवसांत तो छापखाना मुंबईबाहेर गेला, त्याच प्लेगात तिचा नवरा गेला. तिने त्याला लग्नानंतर दोनदाच पाहिले होते. ती माहेरी परत आली, तिचे केशवपन झाले, आणि १९६२ साली सत्त्याहत्तराव्या वर्षी वारेपर्यंत ती त्याच माजघरात होती. घरातली सारी मुले तिनेच वाढवली, आम्हांसही. दर दिवाळीस तसबिरी उतरवून राखेने आणि ओल्या फडक्याने काच पुसणे हे तिचे काम. आम्ही सातआठ वर्षांचे असताना एकदा तिला विचारले होते, "आक्का, तुला हा कृष्ण आवडतो का?" काच पुसता पुसता ती म्हणाली, "चित्रातलं पोर बरं बाबा. त्याला काही झालं तरी कोणी आपल्याला बोल लावत नाही." त्या वेळी आम्ही हसलो. त्या बोलण्यात काय काय होते, हे कळावयास आम्हांस बाप व्हावे लागले.

आक्काच्या वेळी कायदा काय होता? १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहाचे बारा झाले, आणि तेवढ्यावरून साऱ्या महाराष्ट्रात केवढी रणधुमाळी माजली हे वाचकांस ठाऊकच आहे. मुलींच्या लग्नाचे वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. गिरण्यांपुरते पाहिले तर १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली. म्हणजे आठव्या वर्षी नऊ तास काम करण्यास मोकळीक होती. यशोदेची तसबीर घरोघर लागली ती या काळात.

पण येथेही आम्ही चित्रास सर्वस्वी दोषी धरणार नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० च्या सुमारास ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहावयास घेतली, तेव्हा त्यांनी आपल्या नायिकेची, यमूची, गोष्ट बालपणापासून सुरू केली. भाऊबहिणींचे खेळणे, रुसणे, आईची माया हे त्यांनी इतक्या प्रेमाने रंगवले की पुढे तिच्या वाट्यास जे येते ते वाचकास सोसवत नाही. मुलाविषयीची ही नवी कोवळीक नसती, तर ती कादंबरी तक्रार झाली नसती. नुसती हकीकत राहिली असती. तसबिरीत आणि कादंबरीत भावना एकच आहे. फरक एवढाच की, कादंबरीने चौकटीबाहेर पाहिले.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर.

१९७२ च्या दुष्काळात अहमदनगर जिल्ह्यातून माळशेज घाट उतरून पुष्कळ माणसे कल्याणकडे आली. त्यांतल्या एका गृहस्थाने आपली दहा वर्षांची मुलगी आमच्या घरी बाळास सांभाळावयास ठेवली. खाणे, पिणे, कपडे आणि महिना दहा रुपये. आम्ही नवरा-बायको दोघेही नोकरीस, लोकलच्या वेळा ठरलेल्या. ती मुलगी दिवसभर बाळास कडेवर घेऊन फिरे. आम्ही तिला मारले नाही, उपाशी ठेवले नाही. आणि हे आम्ही त्या काळी मोठ्या समाधानाने सांगत असू. शाळेत मात्र घातले नाही. शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती.

वाढदिवसास फोटोग्राफर आला. बाळ नीट बसेना, म्हणून मुलीने त्याला एका बाजूने धरले. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात विलायतेत आईच्या अंगावर चादर टाकून, तिला खुर्चीसारखी करून, तिच्या मांडीवरच्या मुलाचे फोटो काढीत, असे आम्ही पुढे वाचले. आम्हांस चादरीचीही गरज पडली नाही. फोटो मोठा करताना फोटोग्राफरने विचारले, मुलीस ठेवू की काढू? आम्ही म्हणालो, बाळ एकटेच असू दे. त्याने कापले, पण बाळाचा कोपर वाचवावयाचा म्हणून हात तेवढा राहिला.

पाऊस झाल्यावर दोन वर्षांनी तिचे वडील तिला घेऊन गेले. तिचे नाव आम्हांस आठवते. आडनाव आम्ही कधी विचारलेच नाही. १९८६ साली बालमजुरीचा कायदा झाला, त्यातही घरकामास बंदी नव्हती. ती १० ऑक्टोबर २००६ पासून आली, आणि चौदा वर्षांखालील मुलांना जवळजवळ सर्वच कामांतून काढणारी दुरुस्ती २०१६ साली. तेव्हा आम्ही कोणताही कायदा मोडला नव्हता. आजोबांनीही आक्काचे लग्न मोडीत काढले नाही, म्हणून कायदा मोडला नव्हता; आणि विलायतेतल्या ज्या गृहस्थाने ‘चेरी राइप’ची प्रत घेतली, त्यानेही बहुधा मोडला नसेल. कायद्याच्या अलीकडे पुष्कळ जागा असते आणि तेथे सभ्य माणसे राहतात.

आम्ही मराठी मध्यमवर्गीय लोक मुलांवर जीव टाकणारे म्हणून प्रसिद्ध आहोत. ‘श्यामची आई’ वाचून आमच्या दोन पिढ्या रडल्या; आम्हीही रडलो, आणि त्याच खोलीत ती मुलगी बाळाची लंगोटे धूत होती. आमचे रडणे खोटे नव्हते, हेच त्यातले अवघड आहे.

त्या दिवशी हे सारे आम्ही नातीस थोडक्यात सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्हांला वाईट वाटत असेल तर मी हा हात मोबाईलवर पुसून देते. कळणारसुद्धा नाही." तिने ते मायेने विचारले होते. आम्ही नको म्हटले.

मग तिनेच दुसरा प्रश्न केला, "तिचं नाव काय होतं?" ते आम्ही सांगितले. तिने फोटो चौकटीतून काढला आणि मागच्या बाजूस आपल्या वडिलांच्या नावाखाली ते नाव लिहिले, पुढे ‘वय १०’ असे लिहिले, आणि साल घातले. आडनावाची जागा तिने मोकळी ठेवली आहे.

तिन्ही तसबिरी आता आमच्या डोंबिवलीच्या घरी एका ओळीत लावल्या आहेत. दिवाळीत त्या आम्ही स्वतः उतरवून पुसतो.